वकील मोफत, मग खर्च कोणाचा?

आमच्या आळीत एक मावशी राहतात. नात्याने त्या माझ्या कोणी नाहीत. पण सारा गाव त्यांना मावशी म्हणतो, म्हणून मीही म्हणतो. नवरा वारला तेव्हा त्याच्या नावावर दोन एकर रान होते. ते धाकट्या दिराने पेरायला घेतले. पहिल्या वर्षी त्याने दोन पोती ज्वारी घरी आणून टाकली. दुसऱ्या वर्षी एकच पोते आले. तिसऱ्या वर्षी तो म्हणाला, "वहिनी, रान आता माझंच आहे." मावशींच्या पदरात एक मुलगी आणि हातात खुरपे. कोर्टाची पायरी चढायला पैसा कुठून आणणार?

कोणीतरी सांगितले की तालुक्याला कोर्टाच्या आवारात एक समिती आहे, ती गरिबाला वकील देते. मावशी माझ्याकडे आल्या. मी शाळेतून निवृत्त झालेला माणूस. मॅट्रिकपर्यंत शिकलो, वकिली काही शिकलो नाही. पण अर्ज लिहिता येतो. आम्ही दोघे एस. टी. ने तालुक्याला गेलो. समितीने वकील दिला आणि स्टॅंपाचे पैसेही भरले. पुढे चार वर्षे तारखा पडत राहिल्या. शेवटी निकाल मावशींच्या बाजूने लागला. रानाचा ताबा मावशींना द्यावा आणि दाव्याचा खर्चही दिराने द्यावा, असा हुकूमनामा झाला.

आठ दिवस गेले. मग एका संध्याकाळी दीर चार वडीलधारी माणसे घेऊन मावशींच्या ओट्यावर येऊन बसला. मलाही बोलावणे आले.

"वहिनी, झालं गेलं विसरून जा," तो म्हणाला. "रान तुमचं तुम्ही घ्या. पण तो खर्चाचा आकडा तेवढा सोडून द्या. तुमचा कुठं काय खर्च झालाय? वकील तर फुकटचा होता."

चारही जणांनी माना डोलावल्या. खरे सांगायचे तर क्षणभर मलाही ते पटले. मावशी तर "बरं भाऊजी" म्हणणारच होत्या. तेवढ्यात मला एक कागद आठवला. मी म्हणालो, "मावशी, जरा थांबा. अर्ज दिला त्या दिवशी तुम्ही समितीत एका कागदावर सही केली होती. त्यात काय लिहिलंय ते आधी पाहू."

ही सही मावशींनी आयुष्यात केलेली दुसरी सही होती. पहिली आमच्या प्रौढ वर्गात पाटीवर केली होती. पण सही करता येणे वेगळे आणि वरचा मजकूर वाचणे वेगळे. त्या दिवशी तो मजकूर मीही नीट वाचला नव्हता, हे कबूल करतो.

त्या कागदात काय होते ते पुढे सांगतो. आधी दाव्याचा खर्च म्हणजे काय ते समजून घेऊ.

दिवाणी दावा फुकट चालत नाही. दावा दाखल करताना सरकारला कोर्ट फी द्यावी लागते. तिलाच आपण स्टॅंप म्हणतो. समोरच्याला समन्स पाठवायचे तर त्याचे पैसे पडतात. साक्षीदार आणायचा, कागद टाईप करायचे, नकला काढायच्या, दप्तर पाहायचे, म्हणजे पुन्हा पैसे आलेच. आणि वकिलाची फी असते. हे सगळे मिळून दाव्याचा खर्च होतो.

हा खर्च शेवटी कोणी सोसायचा? त्याचे उत्तर दिवाणी प्रक्रिया संहितेत आहे. हा कायदा १९०८ सालचा आहे. त्याच्या ३५ व्या कलमात सांगितले आहे की खर्च कोणी कोणाला द्यावा हे ठरवणे न्यायाधीशांच्या हाती आहे. पण साधारण रीत अशी की जो हरतो त्याने जिंकणाऱ्याचा खर्च द्यायचा. न्यायाधीशांना ही रीत मोडायची असेल तर त्यांनी तसे का केले ते लिहून ठेवावे लागते. हुकूमनाम्याची नक्कल काढली तर तिच्या शेवटी खर्चाचा तक्ता असतो. वादीचा किती झाला, प्रतिवादीचा किती झाला, कोणी कोणाला किती द्यायचा, हे त्यात आकड्यांनी मांडलेले असते. आपली माणसे निकाल ऐकतात, पेढे वाटतात आणि हा तक्ता पाहतच नाहीत. तुम्ही तो पाहा. अक्षरे जड वाटली तरी आकडे सगळ्यांना वाचता येतात.

आता मावशींच्या दाव्याकडे या. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून मी गोल करून सांगतो. समजा कोर्ट फी दोन हजार रुपये, समन्स आणि नकला सहाशे रुपये, आणि वकिलाची फी चार हजार रुपये. हे झाले सहा हजार सहाशे. हे पैसे समितीने घातले. साक्षीदारांच्या भाड्याचे नऊशे आणि टायपिंग वगैरेचे पाचशे मावशींनी स्वतः घातले. ते झाले चौदाशे. दोन्ही मिळून आठ हजार.

दीर म्हणत होता की मावशींचा खर्च झालाच नाही. ते निम्मे खरे होते. सहा हजार सहाशे मावशींच्या कनवटीचे गेले नव्हते, हे खरे. पण म्हणून ते कोणाचेच गेले नाहीत असे नव्हे. ते सरकारी तिजोरीतून, म्हणजे तुमच्या-माझ्या करातून, समितीमार्फत गेले. आणि ते का गेले? दिराने दुसऱ्याचे रान दाबून धरले म्हणून गेले. गरिबासाठी उभारलेल्या पैशाचा फायदा रान दाबणाऱ्याला का मिळावा? मावशींनी पदरचा वकील केला असता तर दिराला आठ हजार मुकाट्याने भरावे लागले असते. मावशी गरीब म्हणून त्याला सूट, हा कुठला न्याय?

कायद्याच्या ३५ व्या कलमात अशी सूट कुठेही लिहिलेली नाही. जिंकणाऱ्याचा वकील पदरचा की समितीचा, यावरून हरणाऱ्याचे देणे माफ होत नाही. म्हणून निकालाआधी आपल्या वकिलाला आठवण करावी, "साहेब, खर्चही मागा." समितीच्या वकिलाने खर्चाचा तक्ता भरून देण्यात कसूर करू नये. काही वकील हा तक्ता आळसाने भरत नाहीत. तो भरला नाही तर पैसे बुडतात, आणि ते त्या वकिलाचे नसतात.

आता ही समिती म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो.

गरिबाला कोर्टात वकील मिळावा ही गोष्ट आपल्याकडे जुनी आहे. १९४९ साली जुन्या मुंबई राज्यात न्यायमूर्ती एन. एच. भगवती यांच्या अध्यक्षतेखाली या कामासाठी समिती नेमली होती. पुढे १९७६ साली राज्यघटनेत ३९-अ हे कलम घातले गेले. पैशाअभावी कोणी न्यायाला मुकू नये, असे त्यात आहे. १९८७ साली विधी सेवा प्राधिकरणांचा कायदा झाला आणि तो ९ नोव्हेंबर १९९५ पासून लागू झाला. त्या कायद्याखाली जिल्ह्याला जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आणि तालुक्याला तालुका विधी सेवा समिती असते. तालुक्यातले सर्वांत ज्येष्ठ न्यायाधीश समितीचे अध्यक्ष असतात.

मदत कोणाला मिळते? बाई असेल तर तिचे उत्पन्न पाहात नाहीत. बाई आहे एवढे पुरे. मुले, अनुसूचित जाती-जमातीची माणसे, अपंग, कारखान्यातले कामगार, तुरुंगात किंवा कोठडीत असलेले, पूर, दुष्काळ, भूकंप यांत सापडलेले, वेठबिगारीत अडकलेले, यांनाही मिळते. बाकीच्यांसाठी उत्पन्नाची मर्यादा आहे. महाराष्ट्रात ती वर्षाला तीन लाख रुपये आहे. सरकार ती बदलू शकते, म्हणून अर्जाच्या वेळी विचारून घ्यावे. उत्पन्नाबद्दल प्रतिज्ञापत्र करून द्यावे लागते. दाव्यात काही दम आहे की नाही, हेही समिती पाहते. १५१०० या नंबरावर फोन केला तरी माहिती मिळते.

एक गोष्ट ठासून सांगतो. समितीच्या वकिलाने तुमच्याकडून फी घ्यायची नसते. "वरचे थोडे द्या" असे कोणी म्हणाला तर देऊ नका. समितीच्या सचिवांना सांगा.

आणि हा वकील म्हणजे "सरकारी वकील" नव्हे. सरकारी वकील सरकारच्या बाजूने उभा राहतो. समितीचा वकील तुमच्या बाजूने उभा राहतो, फक्त त्याची फी समिती देते. आमच्या गावात अजून बरेच जण या दोन्हींची गल्लत करतात, आणि "सरकारचा माणूस आपली बाजू काय मांडणार" म्हणून घरीच बसतात.

तर त्या संध्याकाळी आम्ही कंदिलाजवळ तो कागद वाचला. वीज गेली होती. कागद म्हणजे एक करार होता. त्याचा अर्थ असा की कोर्टाने खर्च देवविला, किंवा दाव्यातून पैशाचा लाभ झाला, तर समितीने केलेला खर्च मी समितीला परत करीन. अनेक राज्यांच्या विधी सेवा नियमांत मदत घेणाऱ्याकडून असा कागद लिहून घेण्याची तरतूद आहे. कोर्टाच्या हुकुमाने आलेले पैसे विधी सेवेच्या निधीत जमा होतात, असे १९८७ च्या कायद्यातही आहे. त्या निधीतून पुढच्या गरजूला वकील मिळतो.

मी दिराला म्हणालो, "बाबा, हे आठ हजार दोन ढिगांत आहेत. चौदाशेचा ढीग मावशींचा आहे. तो सोडायचा की नाही, त्यांची मर्जी. पण सहा हजार सहाशेचा ढीग त्यांचा नाहीच. जे आपलं नाही ते सोडून कसं द्यायचं?"

"मग मी दिलेच नाहीत तर?"

"तर समिती मावशींना विचारील, तुम्ही खर्च का सोडलात? म्हणजे रान तू इतकी वर्षं खाल्लंस आणि वर खर्चही त्यांच्याच डोक्यावर टाकलास."

तो गप्प बसला. त्या चौघांतले एक आजोबा मात्र म्हणाले, "गुरुजी, घरातल्या घरात एवढा हिशोब बरा नव्हे." मी काही बोललो नाही. मावशीच बोलल्या. त्या म्हणाल्या, "आजोबा, रान घेताना घरातल्या घरात नव्हतं का?"

शेवटी मावशींनी आपले चौदाशे सोडले. दिराची पोरे त्यांच्या अंगाखांद्यावर वाढलेली आहेत. मला ते तितकेसे आवडले नाही, पण पैसे त्यांचे होते. समितीचे सहा हजार सहाशे दिराने कोर्टात दोन हप्त्यांनी भरले.

आता दुसरी बाजू सांगतो. ती कडू आहे, आणि म्हणूनच ती नीट समजून घ्यायला हवी.

शेजारच्या गावात अर्धेलीने शेत करणारा एक गडी होता. त्याने तीन लाखांचा कांदा एका व्यापाऱ्याला दिला. व्यापाऱ्याने पैसे बुडवले. गड्याने दावा लावायचे ठरवले. पैशाच्या दाव्याला कोर्ट फी रकमेच्या मानाने पडते, आणि ती याला झेपणारी नव्हती. समितीची वाट त्याला कोणी सांगितली नाही. एका ओळखीच्या माणसाने त्याला "नादारीचा अर्ज" करायला लावला.

नादारी म्हणजे काय? दिवाणी प्रक्रिया संहितेत ३३ वा आदेश आहे. ज्याच्याजवळ कोर्ट फी भरण्याइतके साधन नाही त्याला फी न भरता दावा लावू द्यावा, असे त्यात सांगितले आहे. अशा माणसाला आपल्याकडे नादार म्हणत. इंग्रजी कायद्यात त्याला कंगाल अशा अर्थाचा शब्द होता. १९७६ च्या दुरुस्तीने तो काढून "निर्धन व्यक्ती" या अर्थाचा शब्द घातला. शब्द बदलला हे बरे झाले. पण कोर्टात अजून सगळे नादारीच म्हणतात.

अर्ज आला की कोर्ट चौकशी करते. खरोखरच साधन नाही ना, हे पाहते. जी मालमत्ता जप्त करता येत नाही ती, आणि ज्या वस्तूवर दावा आहे ती, या चौकशीत धरत नाहीत. अर्ज मंजूर झाला की दावा चालतो. वकील नसेल तर कोर्ट वकीलही देऊ शकते.

आमच्या गड्याचा अर्ज मंजूर झाला. तो गावात सांगत सुटला की कोर्टाने फी माफ केली. इथेच चूक झाली. फी माफ झाली नव्हती. ती फक्त पुढे ढकलली होती. आधी भरायची ती शेवटी भरायची, एवढाच फरक. ती कोणी भरायची हे निकालावर ठरते.

नादार माणूस जिंकला, तर त्याने आधी भरायला हवी होती ती कोर्ट फी काढतात, आणि हुकूमनाम्यात ज्याला भरायला सांगितले त्याच्याकडून सरकार ती वसूल करते. ती फी दाव्यातल्या मालमत्तेवर पहिला बोजा असते. सातबाऱ्यावर सोसायटीचा बोजा कसा चढतो ते तुम्हाला ठाऊक आहे. तसाच हा, पण सगळ्यांच्या आधीचा. म्हणजे जिंकलेल्या रानावर किंवा पैशावर पहिला हात सरकारचा. समोरच्याने फी भरली तर प्रश्न मिटला. त्याने भरली नाही तर तुमच्या जिंकलेल्या मालावर तो बोजा उभाच राहतो. म्हणून जिंकल्यावर "आता सरकार आणि तो पाहून घेतील" असे म्हणून बसू नये. समोरच्याने फी भरली की नाही, याची चौकशी करावी.

नादार माणूस हरला, किंवा त्याची नादारी मध्येच काढून घेतली, तर ती सगळी फी त्यानेच भरायची असा हुकूम होतो. दावा सोडून दिला तरीही, तारखेला न गेल्यामुळे तो काढून टाकला गेला तरीही, तेच होऊ शकते. हुकूमनाम्याची नक्कल जिल्हाधिकाऱ्यांकडे जाते आणि शेतसाऱ्याच्या थकबाकीसारखी ती वसूल करता येते. दावा चालू असताना माणूस वारला आणि दावा तिथेच संपला, तर त्याच्या मागे राहिलेल्या मालमत्तेतून ती निघते.

आमच्या गड्याजवळ कांद्याची पट्टी नव्हती. व्यापाऱ्याने ती कधी दिलीच नव्हती, सगळा व्यवहार तोंडी झाला होता. साक्षीदार म्हणून उभा राहणारा हमाल ऐन वेळी आला नाही. दावा फेटाळला गेला. कोर्ट फी भरण्याचा हुकूम त्याच्यावर झाला, आणि वर व्यापाऱ्याचा खर्चही त्यानेच द्यावा असे ठरले. तलाठी नोटीस घेऊन दारात आला तेव्हा तो बायकोला म्हणाला, "अगं, माफ झालेली फी परत कशी काय आली?" त्याला कोणी समजावूनच सांगितले नव्हते. नंतर त्याची बायको दोन हंगाम ऊसतोडीला गेली. कागद हातात पडतो त्या दिवशी हे सांगणारा कोणी असता तर त्याने दावा लावण्याआधी पट्टी, वजनाची चिठ्ठी, टेम्पोवाल्याची साक्ष, काहीतरी गोळा केले असते. किंवा समितीत जाऊन विचारले असते. समितीच्या मदतीत कोर्ट फीसुद्धा समितीच भरू शकते.

हरलेल्याला समोरच्याचा खर्च द्यावा लागतो, ही गोष्ट समितीची मदत घेणाऱ्यांनाही लागू आहे. कोर्टाचा हुकूम पक्षकारावर होतो, आणि समिती काही दाव्यात पक्षकार नसते. तुमचा वकील समितीने दिला म्हणून तुमच्यावर बसलेला समोरच्याचा खर्च समिती भरील, असे धरून चालू नका. न्यायाधीश गरिबी पाहून "ज्याचा खर्च त्याने सोसावा" असा हुकूम करू शकतात, आणि पुष्कळदा करतातही. पण ती त्यांची मर्जी, आपला हक्क नव्हे. दावा अगदीच खोटा किंवा त्रास देण्यासाठी केलेला दिसला, तर ३५-अ कलमाखाली जास्तीत जास्त तीन हजार रुपयांपर्यंत वेगळी भरपाईही देवविता येते. तारखा लांबवणाऱ्यावर ३५-ब खाली खर्च बसतो, आणि तो भरल्याशिवाय त्याला पुढे दावा चालवता येत नाही. यात गरीब-श्रीमंत असा भेद नाही. म्हणून तारीख चुकवू नये. एस. टी. चुकली तर निदान वकिलाला फोन तरी करावा.

नादारीत आणखी एक खड्डा आहे. दावा चांगला दिसला की गावातला एखादा पैसेवाला पुढे येतो. म्हणतो, "तू लढ, मी पाठीशी आहे. जिंकलास तर निम्मं माझं, एवढं लिहून दे." असे लिहून दिले तर नादारी जाते. कायद्यात तसे स्पष्ट आहे. दाव्यातल्या मालावर दुसऱ्या कोणाचा हक्क करारातून निर्माण झाला की तो माणूस नादार राहिला नाही, असे कोर्ट धरते. मग फी तुमच्या गळ्यात पडते, आणि पैसेवाला म्हणतो, "माझा काय संबंध?"

नादारीचा अर्ज नामंजूर झाला तर तसाच दुसरा अर्ज करता येत नाही. पण दावा मेला असे समजू नये. फी भरायला कोर्ट मुदत देऊ शकते. त्या मुदतीत फी भरली तर दावा मूळ अर्जाच्या दिवशीच लावला असे धरतात. मुदतीच्या कायद्यात अडकलेल्या माणसाला ही गोष्ट फार मोलाची आहे.

नवरा-बायकोच्या भांडणात खर्चाची तऱ्हा थोडी निराळी आहे. हिंदू विवाह कायद्याच्या २४ व्या कलमाखाली, ज्याला स्वतःचे पुरेसे उत्पन्न नाही त्याला दावा चालू असतानाच समोरच्याकडून पोटगी आणि दाव्याचा खर्च मागता येतो. फौजदारी कायद्याखालच्या पोटगीच्या अर्जातही चालू अर्जाचा खर्च मागता येतो. ते कलम १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत १४४ व्या क्रमांकावर आहे. समितीने वकील दिला म्हणून बाईने हा अर्ज करू नये, असे नाही. तिचे जाणे-येणे, बुडालेली मजुरी, पोराला कोणाजवळ तरी ठेवावे लागते ते, हे काही समिती देत नाही. शिवाय महाराष्ट्रात पोटगी, घटस्फोट, मारहाण अशा प्रकरणांत बायकांना कोर्ट फी माफ आहे. ती मात्र खरोखर माफ, नादारीसारखी पुढे ढकललेली नव्हे. १९९४ सालापासून ही सवलत आहे. जमिनीच्या दाव्याला ती लागू पडते की नाही हे आधी वकिलाला विचारावे.

आरोपीला फौजदारी खटल्यात सरकारी खर्चाने वकील मिळतो, तो विषय वेगळा. तिथे जिंकणाऱ्याने हरणाऱ्याकडून खर्च मागायचा, असा मामला नसतो.

आता एक प्रश्न बरेच जण विचारतात. बुडालेल्या मजुरीचे आणि गाडीभाड्याचे काय? २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की खर्च देवविताना तो खरा आणि वाजवी असावा. जिंकणाऱ्याचा गेलेला वेळ, त्याचे जाणे-येणे, राहणे, हेही त्यात धरावे. प्रत्यक्षात हुकूमनाम्यातला आकडा बहुतेक वेळा लहानच असतो. पण पुरावाच नसेल तर तो लहानसुद्धा मिळायचा नाही. मावशींनी चार वर्षांची एस. टी. ची तिकिटे एका पत्र्याच्या डब्यात ठेवली होती. त्यांना कोणी सांगितले नव्हते, सवयच तशी. बरीच तिकिटे पुसट झाली होती, तरी साक्षीदारांचे नऊशे रुपये त्या डब्यामुळेच तक्त्यात आले.

खर्चाचा हुकूम झाला आणि समोरच्याने दिला नाही, तर दरखास्त लावावी लागते. दरखास्त म्हणजे हुकूमनामा अमलात आणण्याचा अर्ज. त्याला बारा वर्षांची मुदत आहे. पण बारा वर्षे आहेत म्हणून अकरा वर्षे झोपू नये. तेवढ्यात देणारा बैल विकतो, घर बायकोच्या नावावर करतो. दरखास्तीलाही समितीची मदत मागता येते. दाव्याला मदत मिळाली म्हणजे दरखास्तीला ती आपोआप मिळते असे धरू नये, नवीन अर्ज द्यावा.

आणि कोर्टाबाहेर तडजोड झाली, किंवा लोकअदालतीत झाली, तर तडजोडीच्या कागदात खर्चाबद्दल एक ओळ लिहून घ्यावी. नसली की पुढे वाद होतो. लोकअदालतीत निकाल झाला तर भरलेली कोर्ट फी परत मिळते. ती फी समितीने भरलेली असेल तर ती कोणाच्या हाती पडायची, हेही त्याच वेळी समितीत विचारून ठेवावे.

दिराने दुसरा हप्ता भरला त्या दिवशी मी मावशींबरोबर कोर्टात होतो. कारकुनाने पावती दिली. मावशींनी ती उलटी-सुलटी करून पाहिली. मग बोट ठेवून एकेक अक्षर जुळवीत मोठ्याने वाचली. रक्कम वाचून झाली, तारीख वाचून झाली. खाली सहीपाशी आल्यावर त्या कारकुनाला म्हणाल्या, "साहेब, हे अक्षर लागत नाही. इथं तुमचं नाव आहे का?" कारकून हसला आणि त्याने सहीखाली स्वच्छ अक्षरात पुन्हा नाव लिहून दिले. ती पावती आता त्या पत्र्याच्या डब्यात, तिकिटांच्या वर आहे.